पळस लवकर फुलला, पण गव्हाचं काय?
पळस यंदा लवकर फुलला, मजा आहे, असं एका भाऊंनी लिहिलंय. यावल-चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला तो दिसतो झकासच, पण जरा शेतात डोकवा. उशिरा पेरलेला गहू दाणा भरताना उन्हात सापडला की लोंबी आधीच पिवळी पडते. तळहातावर चोळली तर दाणे बारीक, सुरकुतलेले. असं लवकरचं ऊन आधीही पडलंय: फेब्रुवारी २०२३ मध्ये देशाचं सरासरी कमाल तापमान त्या महिन्यासाठी १९०१ पासूनचं सर्वाधिक होतं. आंब्याचं दुखणं वेगळं. ऊन तापून थंडी पुन्हा आली, की वाटाण्याएवढ्या कैऱ्या धरलेल्या झाडाला नवा मोहोर फुटतो, अन्नरस तिकडे वळतो आणि आधीच्या कैऱ्या गळतात. केळीवाल्यांना तर विचारूच नका, पाण्याच्या पाळ्या आत्ताच वाढल्यात.