इंग्रजी शब्द पाठ होतात, पण वापरता येत नाहीत. काय करू?

नमस्कार. बारावीपर्यंत मराठी माध्यम. इंग्रजी बातमीचा अर्थ साधारण लागतो, पण बोलताना तेच गुड, बॅड, व्हेरी. तीन महिने रोज २० शब्द अर्थासकट वहीत लिहून पाठ केले. परवा मुलाखतीत ‘खूप मेहनत केली’ सांगायला ‘आय वर्क्ड हार्डली’ म्हणाले. घरी येऊन बघितलं तर त्याचा अर्थ होतो, ‘मी जेमतेमच काम केलं’! फार लागलं मनाला. मधल्या पातळीच्या शब्दांसाठी काय वापरावं?

प्रतिसाद १
‘ऑक्सफर्ड ३०००’ ही महत्त्वाच्या इंग्रजी शब्दांची यादी नेटवर फुकट मिळते. शब्दापुढे ए१ (अगदी सोपी) ते बी२ (मधल्याच्या वरची) अशी पातळी असते. तुम्ही थेट बी१ पासून सुरुवात करा.

प्रतिसाद २
ताई, यादी चांगली आहे, पण रोज २० फार होतात, पाचच घ्या. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते. मुलांच्या वह्यांत एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी शब्द असतो आणि घोळ तिथेच होतो. ‘रिलक्टंट = नाखूष’ असं लिहिलं की मुलं ‘सर माझ्यावर नाखूष आहेत’ यालाही रिलक्टंट लावतात. खरं तर रिलक्टंट म्हणजे एखादी गोष्ट करायचं जिवावर येणं. ‘शी वॉज रिलक्टंट टु लेंड हिम मनी’, त्याला पैसे उसने द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं. पुढचा ‘टु’ आणि क्रियापदही त्याच ओळीत लिहा.

शब्दाची सोबतही बघा. आपला कडक चहा इंग्रजीत ‘स्ट्राँग’ होतो, मुसळधार पाऊस मात्र ‘हेवी’. आणि सेन्सिबल (समंजस), सेन्सिटिव्ह (हळवा) अशा जोड्या एकाच दिवशी घेऊ नका, हमखास अदलाबदल होते.

प्रतिसाद ३
उजळणीसाठी लाइटनर यांची खोक्यांची पद्धत वापरा. मी मिठाईचे तीन रिकामे खोके घेतले आणि एकेका चिठ्ठीवर एकेक शब्द लिहिला. पहिल्यातल्या चिठ्ठ्या रोज, दुसऱ्यातल्या तीन दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. आलं तर चिठ्ठी पुढच्या खोक्यात, चुकलं की परत पहिल्यात. मोबाइलवरच करायचं तर अशाच उजळणीचं अँकी हे अ‍ॅप आहे, अँड्रॉइडवर फुकट.

धागाकर्ती
मॅडम, ‘जिवावर येणं’ वाचलं आणि लख्ख कळलं. पहिल्या पानावर लिहिलंय: ‘आय हार्डली स्लेप्ट लास्ट नाइट’, काल रात्री जेमतेम झोप लागली. ‘लेटली’चंही असंच का?

प्रतिसाद २
हो, लेटली म्हणजे अलीकडे. उशिरा आले याला ‘आय केम लेट’च. पण ते पुढच्या आठवड्यात घ्या, आधी ‘हार्डली’ पक्कं होऊ दे.