मदत हवी आहे: कचऱ्याच्या डब्यावरचा रोबो, त्याला टोकू द्यावं की कौतुक करू द्यावं?

कॉलेज प्रोजेक्टसाठी कॅन्टीनमधल्या ओल्या-सुक्या डब्यांवर छोटा रोबो बसवलाय, सर्वोवर (छोट्या मोटरवर) हलणाऱ्या भुवया, मराठीत रेकॉर्डेड आवाज, चूक-बरोबर बघून आमच्यातलाच एकजण लांबून रिमोट दाबतो. सुरुवातीला पोरं मुद्दाम कचरा टाकायला यायची, आता ढुंकून बघत नाहीत, चहाचे कप परत ओल्यातच. वाक्यं बदलली, आवाज वाढवला (कॅन्टीनवाल्या मावशी वैतागल्या), फरक शून्य. नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या प्रयोगात आयकॅट (मांजरीसारख्या चेहऱ्याच्या) रोबोने वॉशिंग मशीनच्या वीज जास्त खाणाऱ्या सेटिंगवर नापसंती दाखवली तर ती कौतुकापेक्षा जास्त लागू पडली म्हणे, पण आमच्याकडे अख्खी गँग असते आणि चारचौघांत टोकलं की पोरं अजून चेकाळतात. कॅमेऱ्याला परवानगी नाही, त्यामुळे चेहरे ओळखणं वगैरे सुचवू नका. तर नवलाई ओसरल्यावर ग्रुपसमोर टोकणं चालतं की कौतुक, आणि दरवेळी की अधूनमधून, कोणी करून बघितलंय का?