डेमोगॉर्गनचे मांडलिक? कुठले!

डंजन्स अँड ड्रॅगन्स या कल्पनारम्य रोल-प्लेइंग खेळात डेमोगॉर्गन या डेमन लॉर्डला (डेमन म्हणजे राक्षस, लॉर्ड म्हणजे त्यांचा सरदार) 'प्रिन्स ऑफ डेमन्स' म्हणतात, म्हणजे ऑर्कस हा दुसरा डेमन लॉर्ड त्याचा मांडलिक, असं एकाने म्हटलंय. नाही पटलं. या खेळात अशी उतरंड डेव्हिल्सची, म्हणजे डेमन्सहून वेगळ्या सैतानांची: नऊ नरक, प्रत्येकाला अधिपती, सगळ्यांच्या डोक्यावर अ‍ॅस्मोडिअस, वर बढती नि पदावनतीही. अ‍ॅबिसमध्ये, म्हणजे डेमन्सच्या दुनियेत, मात्र बळी तो कान पिळी. किताब डेमोगॉर्गनकडे आहे तो कोणी बहाल केला म्हणून नव्हे, अजून कुणाला हिसकावता आला नाही म्हणून. ऑर्कसचा डोळा त्यावरच आहे. त्यात डेमोगॉर्गनची स्वतःचीच दोन डोकी एकमेकांवर कुरघोडी करतात, तो इतरांवर काय हुकूम चालवणार! मी डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) असलो की डेमन लॉर्डचं सैन्य तो समोर असेपर्यंतच आज्ञा पाळतं. पाठ वळली की पांगापांग.