मसल म्हणजे उंदीर, मग आपली बेडकुळी?

परवा भाचा आलेला, दोन महिने झाले जिमला जायला लागलाय, तर हात वाकवून मला दाखवत होता की मावशी बघ मसल. माझ्या तोंडून पटकन निघालं, अरे वा, बेडकुळी आली की! त्याला शब्दच माहीत नाही. जन्म बडोद्यातला, शाळा इंग्रजी, मित्र सगळे गुजराती, घरी मराठी बोलतो पण असे शब्द कानावर कुठून पडणार. मग सांगितलं, दंड फुगवला की कातडीखाली गोळा टुणकन वर येतो ना बेडूक बसल्यासारखा, म्हणून बेडकुळी. आमचे बाबा जुम्मादादा व्यायाम मंदिरात जायचे तेव्हापासून घरात हाच शब्द. तो म्हणाला, मसलला बेडूक कोण म्हणतं मावशी?

तर इंग्रजांच्या शब्दात उंदीर आहे! मसल आला लॅटिन मुस्कुलुसवरून, फ्रेंचमार्गे. मुस म्हणजे उंदीर आणि मुस्कुलुस म्हणजे पिटुकला उंदीर. कातडीखाली स्नायू सरकतो तो चादरीखालून उंदीर पळाल्यासारखा दिसतो, म्हणून. ग्रीकांकडे तर उंदीर आणि स्नायू दोन्हीला एकच शब्द होता. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लॅटिन मुस, इंग्रजी माउस आणि संस्कृत मूषक ही तिन्ही एकाच घरातली भावंडं आहेत, म्हणजे इथे बडोद्यात दांडिया बाजारातल्या गणपतीच्या पायाशी मोदकाकडे बघत बसलेला आणि भाच्याच्या दंडातला, नाव एकाच मुळातलं. हे ऐकल्यावर तो दहा मिनिटं हात वाकवून बघत बसला.

खाली कॉमेंटमधे एका ताईंनी विचारलंय की सॅलरी मिठावरून आला आणि रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा हे खरं का. ताई, पहिलं अर्धं खरं आहे, सालारियम या शब्दात साल म्हणजे मीठ आहेच. पण सैनिकांना मीठ मोजून द्यायचे याला त्या काळातला काही पुरावा नाही, ती गोष्ट मागाहून रंगवलेली आहे. आपल्याला ती लगेच पटते कारण आपण खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं.

पण खरी मजा पगारात आहे. पगार आपल्याला इतका घरचा वाटतो, इथे गुजरातीतही पगारच म्हणतात, पण तो पोर्तुगीज आहे, पगार म्हणजे पैसे चुकते करणे. आणि हा पोर्तुगीज पगार आणि इंग्रजी पे दोन्ही लॅटिन पाकारेपासून निघाले, ज्याचा अर्थ शांत करणे! पीस म्हणजे शांतता, तोही त्याच कुळातला. घेणेकरी दारात येऊन ओरडतोय, त्याच्या हातावर पैसे ठेवले की तो गप्प, तेच पे करणं. वाण्याचं बिल भरून आल्यावर घरात जी शांतता पसरते ती ज्याने अनुभवलीये त्याला ही व्युत्पत्ती वेगळी समजवायला नको. म्हणजे पे आणि पगार सख्खे चुलत, एक फ्रान्सवरून इंग्लंडला गेला आणि एक जहाजात बसून आपल्याकडे आला.

मुंगूसबद्दल कोणीतरी लिहा असं काकांनी म्हटलंय म्हणून थोडक्यात. मंगूस हा इंग्रजी शब्द मराठीतून गेलाय. हिंदीवाले नेवला म्हणतात, गुजराती नोळियो म्हणतात, मुंगूस आपला. (तेलुगूतही तसाच शब्द आहे.) इंग्रजांनी शेवटच्या गूसचं स्पेलिंग त्यांच्या हंसासारखं केलं, त्यामुळे त्यांच्या मुलांचा अनेकवचनात घोळ होतो, हंसाचं गीझ होतं तसं मुंगसाचं होत नाही कारण त्याचा हंसाशी काही संबंधच नाही.

आणि शब्दांचं वेड आपल्या बडोद्याला नवीन नाही हं, सयाजीराव महाराजांनी राज्यकारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला कोश करवून घेतला, १९३१ मधे निघालेला सयाजीशासनशब्दकल्पतरू. आजच्या पोरांना तो एकदा तरी हातात धरायला द्यायला पाहिजे असं मला फार वाटतं.

परत बेडकुळीकडे. इंदूरच्या माझ्या जावेला फोन केला तर ती म्हणाली तिकडे हिंदीत दंडातल्या त्या गोळ्याला मछली म्हणतात. आणि आमच्या शेजारच्या बेनच्या पायाला गोळा आला की त्या म्हणतात गोटला चढी गया, गोटलो म्हणजे आंब्याची कोय. रोमनांना उंदीर दिसला, आपल्याला बेडूक, हिंदीवाल्यांना मासा, गुजरात्यांना कोय! कोकणी, वऱ्हाडी, अहिराणी बोलणारे कोणी असाल तर तुमच्या घरी काय म्हणतात ते लिहा, पोटरीचा आणि दंडाचा वेगवेगळा शब्द असेल तर दोन्ही लिहा.