'बटाट्याची चाळ' बोचते का?

उंबरठा :

या महिन्यात दोन पुस्तकं लागोपाठ वाचली. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८), कितव्यांदा ते आठवत नाही, आणि मनु जोसेफ यांची इंग्रजी कादंबरी 'सिरियस मेन' (२०१०), पहिल्यांदाच. दोन्हींत मुंबईतली चाळ आहे. एक गिरगावातली मध्यमवर्गीयांची, दुसरी वरळीची बीडीडी. दुसरं पुस्तक संपल्यावर पहिल्याबद्दल जे वाटलं ते मांडतोय. अनेकांना पटणार नाही याची कल्पना आहे.

'चाळ' हे श्रेष्ठ विनोदी पुस्तक आहे, पण ते व्यंगलेखन नाही. आपण मराठी वाचक या दोन्हींची सर्रास गल्लत करतो. त्यातला पंतांचा उपास वाचताना मी दरवेळी पोट धरून हसतो, पण पुस्तक मिटलं की माझं काहीही बिघडलेलं नसतं. व्यंगानं वाचणाऱ्याचं काहीतरी बिघडवायला हवं. जोनाथन स्विफ्टनं १७२९ मध्ये आयर्लंडच्या दारिद्र्यावर 'अ मॉडेस्ट प्रपोजल' लिहिलं. गरिबांची वर्षाची पोरं श्रीमंतांच्या ताटात वाढावीत, हा त्यातला प्रस्ताव. बोलणारा माणूस कुठेही आवाज चढवत नाही, नुसता हिशेब मांडतो : १,२०,००० मुलं, त्यातली २०,००० पैदाशीसाठी राखायची, उरलेली १,००,००० विकायची. शेवटी सांगतो, यात माझा काही स्वार्थ नाही, माझं धाकटं मूल नऊ वर्षांचं आहे आणि बायकोचं मूल होण्याचं वय उलटलं. हे वाचून मला हसू आलं आणि पाठोपाठ त्या हसण्याची लाज वाटली. तशी लाज मला 'चाळी'नं कधी वाटू दिली नाही.

'सिरियस मेन'नं वाटू दिली. अय्यन मणी हा दलित माणूस एका विज्ञानसंस्थेत ब्राह्मण खगोलशास्त्रज्ञाचा सहायक आहे. फळ्यावर रोजचा सुविचार लिहिणं त्याच्याकडे आहे, आणि तो स्वतः रचलेली वाक्यं मोठ्या माणसांच्या नावावर खपवतो. पुढे आपला मुलगा अलौकिक बुद्धीचा आहे अशी हूल उठवतो. ती लबाडी उघडी पडू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो होतो. मग लक्षात आलं, की खऱ्या आयुष्यात असा माणूस माझ्या कचेरीत असता तर त्याला उघडा पाडायला मीच पुढे झालो असतो.

आपल्याकडे हे नव्हतं असं नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी 'सुदाम्याचे पोहे'मध्ये आपल्याच समाजाच्या, आपल्याच वाचकांच्या धर्मभोळेपणावर वार केले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या रूढीची बाजू इतक्या निष्ठेनं लढवतात की तिची लक्तरं आपोआप बाहेर पडतात. 'बहु असोत सुंदर संपन्न की महा' हे गीतही याच माणसाचं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्यानं महाराष्ट्रावर असं गाणं लिहिलं, त्यानंच महाराष्ट्राला इतकं बोल लावून दाखवलं.

गिरगावकर :

साफ अमान्य. 'चाळी'चा डंख तुम्हाला जाणवत नाही, कारण ज्यावर तो होता ते आज समोर नाही. देश परदेशांशी सांस्कृतिक शिष्टमंडळांची देवाणघेवाण करत होता, त्या दिवसांत चाळही आपलं 'सांस्कृतिक शिष्टमंडळ' काढते. हा नव्या राज्यकर्त्यांच्या संस्कृतिप्रेमाला मारलेला टोला आहे. माझ्या आजोबांना तो बरोबर लागायचा. मला तो त्यांनी समजावून सांगावा लागला. संदर्भ पुसला गेला म्हणून पुस्तकाला बोथट ठरवणं हा अन्याय आहे.

आणि शेवटचं 'चिंतन' तुम्ही वगळलंत. तिथे हसणं थांबतं. एकमेकांत गुंतलेलं ते आयुष्य सरत चालल्याची हुरहुर तिथे आहे. आमची चाळ पाडली तेव्हा सामान बांधताना मला तीच पानं आठवत होती. तुम्ही म्हणता माझं काही बिघडत नाही. माझं बिघडलं होतं.

दुसरं म्हणजे, पु. ल. हसतात ते स्वतःच्या माणसांना, स्वतःला धरून. बीडीडी चाळीबद्दल इंग्रजीत, बाहेरून लिहिणारा लेखक नेमकं कुणाला वाचून दाखवतोय? त्या चाळीतली किती माणसं ते पुस्तक उघडणार आहेत?

उंबरठा :

शिष्टमंडळाचा मुद्दा मान्य, तो मी नीट वाचला नव्हता. 'चिंतन' मात्र माझ्या बाजूचा पुरावा आहे. ज्याची खिल्ली उडवली त्याच्यासाठीच शेवटी डोळे भरून येतात, म्हणजे लेखकाला तिथे काही बदलायला नकोच होतं. ते प्रेम आहे आणि मला ते मोलाचं वाटतं. फक्त त्याला व्यंग म्हणवत नाही.

बाहेरून लिहिण्याबद्दल : 'सिरियस मेन' बीडीडीवाल्यांसाठी नाहीच, ती माझ्यासारख्यांसाठी आहे. टोला मलाच बसला ना.

वाचनखूण :

तुमच्या दोघांच्या भांडणात एक गोष्ट राहून गेली. 'सिरियस मेन'मधली ओपर्णा आठवते? पुरुषांनी भरलेल्या संस्थेतली तरुण शास्त्रज्ञ. तिच्या हुशारीतून किती काही काढता आलं असतं! लेखकानं तिला प्रेमात दुखावलेली आणि सूड उगवणारी बाई करून टाकलं. जातीबद्दल इतकी धारदार नजर असलेला माणूस इथे सगळ्यात जुन्या सांगाड्याकडे वळला. मला त्याचा राग आला, अजून आहे.

मागे जाऊ. कोल्हटकरांचे शिष्य राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावानं विनोदी लेख लिहीत. 'ठकीच्या लग्नाची मोहीम' शाळेपासून आपल्याला विनोदाचा आदर्श म्हणून सांगितली गेली. दिसायला बेताची मुलगी, तिच्यासाठी चाललेलं वरसंशोधन. माझं स्वतःचं कांदेपोह्यांचं पर्व चालू असताना मी ते परत वाचलं आणि अर्ध्यावर ठेवून दिलं. मी त्या खोलीत ट्रे घेऊन उभी राहिले आहे. तिथे हसणारे नेहमी दुसरे असतात.

उंबरठा :

ओपर्णाबद्दल तुमचं बरोबर आहे, मी बचाव करणार नाही. ठकीबद्दल मात्र वेगळं वाटतं. गडकरींचा नेम मुलीवर नसून लग्नाच्या बाजारावर आहे. लग्न मोडण्याची जी कारणं ते देतात, ती वाचताना वरपक्षच हास्यास्पद ठरतो.

वाचनखूण :

नेम बाजारावर असेल, पण गोळी जाते ती ठकीच्या रूपातून आरपार. ठकीला काय वाटतं, हे त्या पानांतून मला सापडलं नाही. तुम्हीच वर लिहिलंत की व्यंगानं वाचणाऱ्याचं काही बिघडवावं. इथे वरपक्षाचं काय बिघडलं? शंभर वर्षं होऊन गेली, वरपक्ष हे वाचून हसतोच आहे.

पारावरून :

मी गावाकडचा, त्यामुळे चाळ मला पुस्तकातूनच माहीत. माझ्यासाठी व्यंगाचं माप म्हणजे श्रीलाल शुक्ल यांची हिंदी कादंबरी 'राग दरबारी' (१९६८). १९६९ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. लिहिणारा स्वतः उत्तर प्रदेशच्या सरकारी सेवेतला अधिकारी, म्हणजे गिरगावकर म्हणतात तसा आतलाच माणूस, आणि तरी त्यानं व्यवस्थेला कुठेही पाठीशी घातलेलं नाही. बाई त्यातही जवळजवळ नाहीच, हे वाचनखूण यांनी सांगण्याआधी मीच सांगतो.

तिच्यात लंगड नावाचा माणूस आहे. तहसील कचेरीतून एका कागदाची नक्कल हवी असते. लाच देणार नाही अशी त्याची शपथ, आणि कारकुनाची शपथ की कायद्याबाहेर काही करणार नाही. मग अर्जात चुका निघत राहतात. शेवटी नक्कल तयार होते तेव्हा हा तापानं पडलेला असतो, आणि मुदतीत कोणी न्यायला आलं नाही म्हणून ती फाडून टाकली जाते.

हा भाग मी पहिल्यांदा कॉलेजात वाचला तेव्हा मित्राला मोठ्यानं वाचून दाखवत हसलो होतो. नंतर वडिलांची वारसनोंद सातबाऱ्यावर चढवायची वेळ आली. अकरा खेटे घातले. दर वेळी एक कागद कमी. आईला दोनदा सोबत नेलं, ती उन्हात बाहेरच्या कट्ट्यावर बसायची. आठव्या की नवव्या खेपेला तिनं विचारलं, "अरे, आपलंच काही चुकतंय का?" त्या रात्री मी ते पान परत काढलं. एकही शब्द बदलला नव्हता आणि मला हसता आलं नाही.

उंबरठा यांना लाज वाटली, मला भीती वाटली. लंगडलाही शेवटपर्यंत वाटत असतं, की चूक आपल्याच अर्जात आहे.

गिरगावकर :

नोंद झाली का शेवटी?

पारावरून :

झाली. बाराव्या खेपेला. नाव चुकीचं लागलंय, दुरुस्तीचा अर्ज दिलाय.

गिरगावकर :

'राग दरबारी' घरात आहे, वडिलांनी घेतलेली. आज काढतो. 'चाळी'बद्दल मात्र माझं मत आहे तेच.