खारी धुई म्हणावं का? आणि विरत्या फेसाच्या आवाजाला शब्द?

रंकाळाकाठ: भाषांतरात अडलंय. पहाट, समुद्रकाठ, धुकं. लाट ओसरते आणि वाळूवर उरलेला फेस बारीक आवाज करत विरतो. त्या आवाजाला शब्द सुचवा. ‘सळसळ’ पानांची, ‘गाज’ फार मोठी. आणि तिथल्या धुक्याला ‘खारी धुई’ चालेल का?

मतलई: ‘खारी’ काढा. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहतो, शाळेत शिकलेले मतलई वारे. फुटत्या लाटांचे तुषार तो काठापासून दूर, आत समुद्रात नेतो. चष्म्यावर मीठ बसतं ते दिवसा, खारे वारे सुटल्यावर.

शुद्धमराठी: मुळात ‘धुई’च नको. छापील मजकुरात ‘धुके’ लिहावे.

करवीरवासी: का नको? संस्कृत धूमिका, प्राकृत धूमिआ, त्यातून धुई. सरळ वंशावळ आहे. आंब्याचा मोहर धरला की करवीर-पन्हाळ्याकडं शेतकरी धुईलाच भितो, कारण तसल्या हवेत मोहरावरचा भुरी रोग वाढतो. त्याचा शब्द अशुद्ध कसा?

शुद्धमराठी: अशुद्ध म्हटलेले नाही. बोलीतला आहे. सांगली-कोल्हापूरबाहेरचा वाचक अडखळेल.

मतलई: दोन्ही ठेवा की. हवामानशास्त्रात दृश्यता १ किलोमीटरच्या खाली गेली तरच धुकं धरतात. त्याहून लांबचं दिसत असेल तर त्या विरळ पडद्याला धुई म्हणावं.

घाटमाथा: मग गगनबावड्याला पावसाळ्यात काय म्हणणार? तिथं डोंगराला टेकलेला ढगच असतो, पण गाडीवाला धुकंच म्हणतो.

रंकाळाकाठ: फेसाचं राहिलं.

जलतरंग: फेस म्हणजे हवेचे बुडबुडे. एकेक फुटताना टिचतो, हजारो मिळून ‘चुरचुर’.

करवीरवासी: चुरचुरतात ते डोळे, नाहीतर जखम. वाचकाला आग आठवेल. ‘फसफस’?

जलतरंग: ती सोड्याची, आंबलेल्या पिठाची. आतून जोर लागतो तिथं फसफस. इथं फेस नुसता बसतोय, पाणी वाळूत जिरतंय. मग ‘सुरसुर’ बरी.

घाटमाथा: सुरसुर म्हटलं की दिवाळीची सुरसुरी डोळ्यापुढं येते. आणि ‘गाज’ एवढ्यात सोडू नका. गर्ज, गज्ज, गाज. वारा पडलेला असेल आणि जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असेल, तर आवाज खाली वाकतो आणि लाट न दिसताही गाज जवळ वाटते. धुक्यात तीच आधी लिहायला हवी.

शुद्धमराठी: गाज फक्त समुद्राची. रंकाळा तलावाला कुणी लावू नये.

करवीरवासी: रंकाळ्याचं पाणी घाटाच्या दगडाला चुबुकचुबुक करतं, गाजत नाही. पण पुरात पंचगंगेला गाज का म्हणू नये, ते सांगा.