मदत हवी आहे: दोन भावंडांना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ठेवता येईल का?

नमस्कार. दौंड तालुक्यात आमचं किराणा दुकान आहे. गावाचं आणि मुलांची नावं मुद्दाम लिहीत नाही.

दुकानामागे दोन खोल्यांत एक जोडपं राहतं. नवरा गुऱ्हाळावर कामाला आहे. त्यांच्याकडे त्याच्या भावाची दोन मुलं आहेत, मुलगी आठ वर्षांची, मुलगा पाचाचा. आई वारली. बाप टोळीबरोबर ऊसतोडीला गेला, पट्टा पडला, हंगाम संपला तरी परतला नाही, फोनही लागत नाही.

मुलगी सुटं तेल न्यायला दुकानात येते. परवा बाटली धरायला हात पुढे केला तेव्हा मनगटाच्या वर उलथन्याच्या कडेएवढा सरळ, काळपट चट्टा दिसला. "भाकरी करताना लागलं" म्हणाली आणि बाही खाली ओढली. धाकटा शेजारीच उभा होता, तो पटकन म्हणाला, "काकीने लावलं." दोघं कितीदा तरी रात्री आमच्या ओट्यावर झोपलेली असतात, कारण आतून कडी घातलेली असते. अंगाचं म्हणाल तर मुलाच्या बरगड्या मोजता येतात.

पोलीस चौकीत जाऊन आलो. "घरगुती मामला आहे, समज देतो" म्हणाले. समज दिली आणि त्या रात्री पोरीला जास्त मार बसला. म्हणून आता न विचारता काही करायची भीती वाटते.

सासूबाई म्हणतात, सरळ मुक्तीत नेऊन सोड. पंडिता रमाबाईंनी काढलेली ही ख्रिस्ती संस्था, आमच्या भागात जुन्या लोकांचा त्या जागेवर विश्वास आहे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात उपासमारीने गेले, आणि १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या स्वतः तिकडे जाऊन मुली घेऊन आल्या. केडगावची वसाहत त्यातूनच उभी राहिली. ज्या बाईने भूक स्वतः पाहिली तिने काढलेलं घर, एवढंच सासूबाईंना पुरेसं आहे. मलाही तसंच वाटतं.

पण घरातच विरोध आहे. दीर म्हणतात, पोरं ख्रिश्चन होतील आणि गाव आपल्याला नावं ठेवील. मुलांच्या आईची आई इंदापूरकडे एकटी असते, मजुरी करते. ती म्हणते, "कुठंही ठेवा, पण दोघांना तोडू नका." मला सगळ्यात जास्त काळजी तीच आहे. मुलगी त्या पोराची आईच झाली आहे.

तर मी थेट संस्थेत नेऊन सोडू शकते का? चुलत्याने पळवून नेल्याची तक्रार केली तर? भाऊ-बहीण एकत्र राहतील का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, मी काही वर्षं जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम केलं आहे. आधी १०९८ ला, म्हणजे मुलांसाठीच्या मदतीच्या नंबरला फोन करा. रात्री-अपरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत. भाजल्याचा चट्टा आणि रात्री बाहेर झोपणं, दोन्ही स्पष्ट सांगा.

संस्थेत थेट सोडू नका. कुठलीही संस्था, ख्रिस्ती असो, हिंदू असो वा सरकारी, बाल न्याय अधिनियम २०१५ खाली नोंदलेली असावी लागते आणि मूल आलं की २४ तासांत बालकल्याण समितीपुढे उभं करावं लागतं. मूल कुठे राहणार हे समिती ठरवते, तिला प्रथम वर्ग दंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. तुम्ही साध्या नागरिक म्हणूनही मुलांना समितीपुढे नेऊ शकता. मात्र १०९८ किंवा कक्षाचा माणूस सोबत असला तर पळवून नेल्याचा आरोप टिकत नाही. काकीने केलं ते याच कायद्याच्या कलम ७५ मध्ये, मुलावरच्या क्रूरतेत बसतं, तो घरगुती मामला नाही. वैद्यकीय तपासणी करून घ्या, चट्टा फिका व्हायच्या आत.

दहा वर्षांखालची मुलगा-मुलगी एका बालगृहात ठेवता येतात, झोपण्या-आंघोळीची सोय वेगळी असते. भावंडं एकत्र हवीत हे समितीला तोंडी नाही, लेखी द्या. मुक्तीत सध्या मुलांसाठी जागा आहे का हे समितीमार्फतच विचारा.

आणि आजींना बाजूला टाकू नका. कायद्याच्या दृष्टीने संस्था हा शेवटचा मार्ग आहे. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत नातेवाइकाकडे राहणाऱ्या मुलामागे महिना २२५० रुपये मिळतात. दोघांचे मिळून आजींचं घर चालू शकेल.

प्रतिसाद

मी स्वतः मुंबईत सिस्टर्सच्या वसतिगृहात वाढले, घरी दारू होती म्हणून. संध्याकाळी प्रार्थना असायची, आम्ही बसायचो. मला कुणी बाप्तिस्मा घे म्हटलं नाही, पण सगळीकडे असंच असेल असं मी म्हणणार नाही. दिरांची शंका हसण्यावारी नेऊ नका. रमाबाईंच्याच शारदा सदन या मुलींच्या शाळेवरून १८९३ मध्ये पुण्यात हेच वादळ उठलं होतं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. आज मान्यताप्राप्त शाळेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेतच आहे. संस्थेला सरळ विचारा: प्रार्थना सक्तीची आहे का, सणाला आजीकडे पाठवाल का, आजीला कधी भेटता येईल. ज्यांची उत्तरं मोकळी येतात तिथे मूल द्यायला हरकत नाही. मला मारापासून कुणी सोडवलं ते आधी आठवतं, कुणाच्या देवापुढे बसले ते नंतर.

धागाकर्ती

दोघींचे मनापासून आभार. आजीला पैसे मिळू शकतात हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. तिला फोन केला, ती खूप रडली आणि मग म्हणाली, "मी येते, मला बी न्या समितीपुढं." एकच विचारते: मुलांचा जन्मदाखला नाही, आधार नाही, शाळेत मुलीचं नुसतं नाव घातलेलं आहे. अडेल का?

प्रतिसाद

अडणार नाही. कागद नाहीत म्हणून समिती मुलाला परत पाठवत नाही. शाळेत नाव आहे ना, मग मुख्याध्यापकांकडून जन्मतारखेचा उतारा घ्या. मुलाचं वय लागलंच तर वैद्यकीय तपासणीने ठरवतात. आईचा मृत्यूचा दाखला आजींकडे असेल तर आणायला सांगा, बालसंगोपनच्या अर्जाला तो लागेल. पण कागद जमेपर्यंत थांबू नका, फोन आजच करा.